परतताना

टेक्ससहून आलेलं कार्ड मी संगणकात बसवलं
त्या आठवड्यात डनीडिनला गारा पडत होत्या.
काम तसं साधं होतं:
गिऱ्हाइकाने फोन करायचा,
रोवेनाच्या आवाजाने सांगायचं, "मीटरवरचा आकडा फिरवा,"
आणि यंत्राने तो लिहून घ्यायचा.
मीटर वाचणारा माणूस नको, त्याची गाडी नको,
त्याला चावणारी कुत्री नकोत.

बटणांचे फोन सरळ. त्यांचे सूर धुतल्यासारखे स्वच्छ.
पण ओवाकाच्या पुढे, शेवटच्या खांबापर्यंत,
स्वयंपाकघरांच्या भिंतींवर
अजून काळ्या तबकड्या होत्या.

तबकडी गात नाही.
ती तार तोडते, जोडते, तोडते,
सेकंदाला दहादा,
आणि ते तोडणं त्यांच्या गावच्या एक्स्चेंजपाशीच संपतं.
माझ्यापर्यंत पोचतो नुसता ओरखडा,
पत्र्यावर पडलेल्या वाटाण्यासारखा,
खट् खट् खट्,
त्यात वारा, त्यात रेडिओ, त्यात कुणाचं तरी खोकणं.

पहिला फोन एफी ड्रमंडचा.
फिरवलं तिने २७३०५,
यंत्राने लिहिलं ८३७०५,
म्हणजे एका बाईने एका महिन्यात
मटण गोठवणाऱ्या कारखान्याइतकी वीज जाळली.

हेमी पोताए एक्स्चेंजमधून निवृत्त झालेला,
चहात बिस्कीट बुडवत हसला.
"आपल्याकडे तबकडी उलटी, पोरा.
तीन फिरवलेस तर खटके सात.
दहातून वजा कर.
शून्य तेवढा शून्यच राहतो,
आणि पाच. पाच दोन्हीकडून पाच."

म्हणून मी रोवेनाकडून नवं वाक्य बोलून घेतलं:
"आधी एकदा पाच फिरवा."
त्या पाच खटक्यांवरून यंत्र ओळखू लागलं
कुणाची तार किती जाड, किती गंजलेली,
खटका केवढा, भोवतीचा गोंगाट केवढा.

तरी एफीचा आकडा जुळेना.
तिच्या पाचनंतर यायचे दोन,
मग एक, मग पुन्हा दोन,
न फिरवलेले.
रात्री हेडफोन लावून मी टेप ऐकली.
ती विणत होती.
सुया एकमेकींवर वाजत होत्या
आणि मधूनमधून ती रोवेनाला सांगत होती,
"थांब गं, एवढी ओळ होऊ दे."

रोवेना थांबत नव्हती.
मी तिला तीनच सेकंद दिले होते.

सुईचा आवाज बारीक, वरच्या पट्टीतला;
तबकडीचा खाली, जरा जाड.
गाळायला दोन दिवस गेले.
तिसऱ्या दिवशी कळलं, तिची स्प्रिंगही थकलेली,
दहाच्या जागी सेकंदाला आठच.
कार्डाच्या पुस्तिकेत आठ म्हणजे चूक.
मी आठ चालवून घेतले.
साडेसातसुद्धा.

टेप पुन्हा पुन्हा ऐकताना एक गोष्ट लक्षात आली,
कुठल्या पुस्तिकेत नव्हती, किंवा असेल, मी वाचली नसेल.
बोट भोकात घालून माणूस तबकडी ओढतो,
तेव्हा तारेवर काहीच नसतं.
संधिवाताचं बोट असो, घाईचं असो,
मध्येच विसरून थबकलेलं असो,
तारेला पत्ता नसतो.
बोट सोडलं,
की तबकडी आपली आपण मागे फिरते
आणि आकडा तेव्हा उमटतो.

एफीचं जाणं फार लांबायचं.
सगळ्यात लांब शून्याला.
टेपवर तेवढा वेळ नुसता श्वास,
कधी "अगं आई",
मग दहा खटके, संथ, एकालाही न चुकता.

मी तीनचे बारा सेकंद केले.
साहेब म्हणाले, लाइन अडकून पडते, पैसे जातात.
मी म्हटलं, चाचणी चालू आहे.

जुलैच्या सात तारखेला, चौथ्या लाइनवर:
पाच.
मग २७४९१.
मी दहातून वजा करून बोटांवर ताडून पाहिलं.
बरोबर.
नंतर फोन ठेवायच्या आधी
ती रोवेनाला म्हणाली, "आज शहाण्यासारखी ऐकलंस,"
आणि त्या वाक्यातल्या कुठल्याशा अक्षरावर
यंत्राने एक खटका मोजला.
तो मी लॉगमधून काढला नाही.